दवाखान्यात आलेला क्लेमवाला, कोऱ्या सह्या आणि अपघाताचा दावा

पत्र थोडं कमी करून देत आहे:

‘आम्ही कराड तालुक्यातले. माझे मिस्टर प्लास्टरचं काम करतात, वय ३८. दोन महिन्यांपूर्वी कामावरून येताना पेठनाक्याजवळ महामार्गावर मागून पिकअप टेम्पोनं त्यांच्या गाडीला उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातलाय. गुडघा अजून पुरता वाकत नाही. मी मजुरीला जात होते, तेही बंद आहे. दवाखान्यात असतानाच एक जण आला. म्हणाला, “वहिनी, एक रुपया द्यायचा नाही, वकील आपलाच आहे. पैसे आले की तीस टक्के आमचे.” मिस्टरांच्या दोन-तीन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या आणि बिलं, डिस्चार्ज कार्ड घेऊन गेला. आता फोन केला की नुसतं “काम चालू आहे” म्हणतो. टेम्पोचा मालक पन्नास हजार देतो म्हणतोय, पण स्टॅम्पपेपरवर मिटवल्याचं लिहून मागतोय. मिस्टरांनी हेल्मेट घातलं नव्हतं आणि लायसनची मुदत संपलेली होती, म्हणून आम्हाला भीती वाटते. सासूबाई म्हणतात कोर्टाची पायरी चढू नका, आहे ते घ्या. वकील कसा बघायचा आणि नक्की काय मिळू शकतं?’

ताई,

आधी दोन गोष्टी सांगते, बाकीचं सावकाश वाचा. स्टॅम्पपेपरवर सही करू नका. आणि त्या माणसाच्या ‘काम चालू आहे’वर आणखी एक आठवडाही घालवू नका, कारण तुमच्या दाव्याला मुदत आहे आणि त्यातले दोन महिने गेले आहेत.

मुदतीचं असं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत करायचा, असं ठरलं. त्याआधी अनेक वर्षं अशी मुदतच नव्हती, त्यामुळे गावातली जाणती माणसंसुद्धा ‘क्लेम कधीही टाकता येतो’ असं सांगतात. त्यांचं ऐकू नका. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या निकालावर विसंबून आपण कशाला बसायचं? तुमच्या हातात चार महिने आहेत आणि चार महिने पुष्कळ झाले. उपचार पुरे व्हायची वाट बघायची गरज नाही. अपंगत्वाचा दाखला, पुढची बिलं हे सगळं अर्ज दाखल झाल्यावरही देता येतं.

आता पन्नास हजारांबद्दल. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा तिसऱ्या माणसासाठीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो. त्या टेम्पोचा विमा चालू असेल, तर तुमची भरपाई टेम्पोमालकाच्या खिशातून जाणारच नाही, विमा कंपनी देईल. मग तो स्वतःहून पन्नास हजार का काढतोय? एक कारण साधं असू शकतं: ड्रायव्हरवर गुन्हा दाखल आहे आणि त्याला ते मिटवायचं आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. विमा संपलेला असेल किंवा ड्रायव्हरचं लायसन गडबडीचं असेल, तर सगळा बोजा मालकावर येतो. हे शोधायला वकील लागत नाही. एमपरिवहन ॲपवर टेम्पोचा नंबर टाका, विम्याची मुदत कुठपर्यंत आहे ते दिसेल. अपघाताच्या दिवशी विमा चालू असला म्हणजे झालं, नंतर संपला तरी बिघडत नाही.

विमा कंपनी पुढे ‘ड्रायव्हरकडे मालवाहू गाडीचं लायसन नव्हतं’ असं म्हणेल, तयारी ठेवा. साडेसात टनांच्या आतल्या गाडीसाठी हलक्या वाहनाचं साधं लायसन पुरतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. पिकअप त्यात आरामात बसते. आणि अजिबात लायसन नसलं, तरी बऱ्याच प्रकरणांत न्यायालय कंपनीला सांगतं की आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा.

मालकाला खरोखर मदत करायची असेल तर त्याने दवाखान्याचं बिल भरावं. त्या पावतीवर ‘उपचारासाठी मदत’ एवढंच लिहिलेलं असावं. ‘आमची काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही’ ही ओळ आली, की तो कागद उद्या तुमच्याच विरोधात दाखवला जाणार.

मग तो दवाखान्यातला माणूस. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण अशी पत्रं मला सतत येतात आणि प्रत्येक वेळी संताप येतो. माणूस ऑपरेशनच्या टेबलवर आहे, बायकोला काही सुचत नाही, आणि नेमक्या त्या वेळी ‘वहिनी’ म्हणत कुणीतरी कागद पुढे करतं. तो वकील नाही. तो दलाल आहे. त्याला अपघाताची खबर दवाखान्यातून किंवा आणखी कुठून मिळते, तो कागद गोळा करतो आणि कुठल्यातरी वकिलाला नेऊन देतो. वकिलांना जाहिरात करून किंवा दलाल लावून पक्षकार मिळवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायलाही बंदी आहे. ‘तीस टक्के आमचे’ हे बोलणंच नियमात बसत नाही.

टक्केवारी चालतच नाही असं म्हटलं, तर कोर्टाच्या आवारात माहीत असलेली माणसं मला खोटं ठरवतील. ती सर्रास चालते. पुष्कळ वकील सांगतात की गरीब माणसाकडे आधी द्यायला पैसे नसतात, मग काय करायचं? अडचण खरी आहे. पण तीस टक्क्यांचा परिणाम कसा होतो तो बघा. दलालाला शंभर प्रकरणं लवकर निकाली काढण्यात फायदा असतो. तुमच्या एका प्रकरणात डॉक्टरांची साक्ष घ्यायला चार तारखा जास्त लागणार असतील, तर त्याला ते परवडत नाही. तो तुम्हाला लोकअदालतीत कमी रकमेवर ‘घेऊन टाका’ म्हणतो. आणि त्या कमी रकमेतूनही तीस टक्के जातात.

सह्या परत कशा घ्यायच्या? पहिल्यांदा बघा की काही दाखल झालंय का. ई-कोर्ट्सच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत मिस्टरांच्या नावाने शोधा. सापडलं नाही तर बहुतेक काहीच झालेलं नाही, आणि तुमचं काम सोपं झालं. त्या माणसाला फोन नको, व्हॉट्सॲपवर लिहा: ‘मी तुम्हाला किंवा तुमच्या वकिलांना माझ्या वतीने काही दाखल करायला संमती देत नाही. माझी मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि सही केलेले सगळे कागद परत करा.’ हा निरोप मिस्टरांच्या नंबरवरून जाऊ द्या, कारण अर्जदार ते आहेत. तेच पत्र लिहून स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पाठवा. पावती जपा. नाही दिले तर पोलिसांत अर्ज द्या आणि त्या वकिलाचं नाव कळलं असेल तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करा.

अर्ज आधीच दाखल झालेला निघाला, तरी घाबरू नका. वकील बदलायचा हक्क पक्षकाराचा आहे. जुन्या वकिलाची ना हरकत घेऊन नवीन वकीलपत्र दाखल होतं. त्याने ती दिली नाही तर न्यायालयाला सांगून बदलता येतं. ‘आधी माझे पैसे द्या, मग कागद देतो’ असं वकिलाला म्हणता येत नाही. फी बाकी असली तरी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. डिस्चार्ज कार्ड आणि बिलांच्या दुसऱ्या प्रती दवाखाना देतो. अर्ज करून आजच मागून ठेवा, त्या माणसाच्या भरवशावर राहू नका.

आता वकील बघायचा. एखादा दिवस सकाळी कोर्टात जाऊन बसा. खरंच सांगते, बोर्डावर मोटार अपघाताची प्रकरणं असतात तिथे मागच्या बाकावर बसा. कोण उभं राहतं, कोणाकडे कागद लावलेले असतात, कोण नुसतं ‘तारीख द्या’ म्हणतं, हे तासाभरात दिसतं. फौजदारीतला नावाजलेला वकील किंवा तुमच्या जमिनीचा दावा चालवलेला ओळखीचा वकील या कामाला चांगला असेलच असं नाही. ज्याच्याकडे अपघाताचे दावे नेहमी असतात तो बघा. आणि एक विचारा: ‘साहेब, तुम्ही विमा कंपनीच्या बाजूने काम करता का?’ करत असतील तर त्यात वावगं काही नाही, उलट त्यांना कंपनीचे डावपेच ठाऊक असतात. पण समोर जी कंपनी आहे तिच्याच पॅनेलवर, म्हणजे तिने नेमलेल्या वकिलांच्या यादीत ते असतील, तर दुसरे बघा.

पहिल्या भेटीत ते काय विचारतात त्याकडे लक्ष द्या. नुसतं ‘किती खर्च झाला, बिलं आणा’ म्हणणारा वकील तुमचा अर्धाच दावा बघतोय. मिस्टर काम काय करायचे, कसे करायचे, आता त्यातलं काय जमत नाही, हे जो विचारेल त्याच्याकडे जा. तो आपल्या वकिलीच्या सनदेचा नंबर सांगायला कचरणार नाही. फी एकरकमी ठरवा, हप्त्यांनी देता येते, आणि लिहून घ्या. झेरॉक्स, टायपिंग, समन्सचा खर्च वेगळा असतो, तो कोण भरणार तेही आधीच बोला. प्रत्येक पैशाची पावती. वकीलपत्रावर सही करायला हरकत नाही, ते लागतंच, पण ते भरलेलं असावं. कोरं काहीही नाही.

फी झेपणार नसेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि तालुक्याच्या कोर्टात त्यांची समिती असते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. दावा मिस्टरांच्या नावाने आहे, त्यामुळे त्यांच्या उत्पन्नावर ते बसतील. १५१०० वर फोन करूनही चौकशी करता येते. फुकटचा वकील म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील. तोही सनदधारक वकीलच असतो. काम पसंत पडलं नाही तर बदलून मागता येतो.

दावा कुठे करायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. अपघात वाळवा तालुक्यात, म्हणजे सांगली जिल्ह्यात. घर सातारा जिल्ह्यात. लोक समजतात की जिथे अपघात तिथेच खेटे घालायचे. तसं नाही. अर्जदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढेही दावा चालतो. पाय दुखत असलेल्या माणसाला प्रत्येक तारखेला शेजारच्या जिल्ह्यात नेण्याचं कारण नाही.

पोलिसांचं काम मात्र सांगलीकडेच राहील. २०२२ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असतो, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. तो सविस्तर अहवालच दावा म्हणून धरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हे नियम सगळ्या राज्यांनी पाळावेत म्हणून खास आदेश दिले. तरी त्याच्या भरवशावर राहू नका, स्वतःचा अर्ज टाकाच. ठाण्यात जाऊन एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोन्ही गाड्यांची कागदपत्रं, दवाखान्यातून पोलिसांकडे गेलेली एमएलसीची (अपघाती इजेची) नोंद आणि दोषारोपपत्र झालं असेल तर त्याची प्रत मागा. पंचनाम्यात टेम्पो मागून आला हे नीट लिहिलंय का, तेवढं वकिलाला वाचायला सांगा. त्या एका वाक्यावर दोष कुणाचा हे बरंचसं ठरतं.

हेल्मेट आणि लायसनची भीती बरीच कमी करता येईल. हेल्मेट नव्हतं हे खरं, पण मोडलंय मांडीचं हाड. हेल्मेट असतं तरी ते मोडलंच असतं. लायसनची मुदत संपली होती म्हणून मागून धडक बसली असं होत नाही. अपघाताला तुमच्या माणसाची चूक कारणीभूत असली पाहिजे, नुसता कागद नसल्याने भरपाई कापली जात नाही, अशी न्यायालयाची भूमिका आहे. लपवू मात्र नका. वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते.

तुम्ही विचारता, किती मिळेल. बिलांचे पैसे, दवाखान्यात जाण्या-येण्याचा खर्च, खुराक, कामावर जाता आलं नाही त्या महिन्यांची मजुरी, तुम्ही स्वतःची मजुरी सोडून त्यांच्या उशाशी बसलात त्याचा मोबदला, पुढे रॉड काढायचा असेल तर त्या ऑपरेशनचा खर्च, सोसलेल्या वेदना, हे सगळं मागता येतं. पण मोठी रक्कम यातल्या कशातही नाही. ती असते पुढच्या आयुष्यात कमी होणाऱ्या कमाईत. आणि तिथेच बहुतेक दावे उणे पडतात.

सिव्हिल हॉस्पिटलचं मंडळ अपंगत्वाची टक्केवारी देतं. समजा १२ टक्के लिहिली. दलालाचा वकील तो दाखला जोडेल आणि १२ टक्के मागेल. पण १२ टक्के ही पायाची, शरीराची टक्केवारी झाली. कमाईची किती? २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक फार सुंदर उलगडून सांगितला आहे. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते. तोच सरकारी कचेरीत कारकून असेल तर नोकरी टिकू शकते. इजा तीच, नुकसान वेगळं. न्यायाधीशांनी दाखल्यावरचा आकडा उतरवून घ्यायचा नसतो. हा माणूस आधी काय करत होता, आता काय करू शकतो, हे बघून कमाईचं नुकसान ठरवायचं असतं.

तुमचे मिस्टर प्लास्टर करतात. म्हणजे परांचीवर चढायचं. छताचं प्लास्टर असलं की मान वर करून तासन्‌तास उभं राहायचं. भिंतीचा खालचा भाग आला की उकिडवं बसून थापी मारायची, रंधा फिरवायचा, आणि तसंच सरकत सरकत पुढे जायचं. गुडघा वाकत नसेल तर यातलं काय राहिलं? फार तर उभ्याने होईल तेवढं काम, आणि तेही परांची न चढता. ठेकेदार अशा मिस्त्रीला किती दिवस बोलावेल? हे सगळं साक्षीत आलं पाहिजे. मिस्टरांच्या शपथपत्रात ‘मला काम करता येत नाही’ एवढंच एक वाक्य नको. परांची, उकिडवं बसणं, माल उचलणं, जिना, हे एकेक यावं. ठेकेदाराची साक्ष यावी. आणि डॉक्टरांना विचारलं जावं की गुडघा किती अंशांत वाकतो, हा माणूस उकिडवा बसू शकेल का, शिडी चढू शकेल का. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच बोलवणं उत्तम. त्यांना वेळ नसेल तर दवाखान्यात जाऊन साक्ष नोंदवायला न्यायालयाकडून कमिशनर नेमून घेता येतो. पैसे घेऊन कुठूनही आणलेला जास्त टक्क्यांचा दाखला मात्र नको. कंपनीचा वकील उलटतपासणीत तो फाडून ठेवतो आणि मग खऱ्या दुखण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आकडा मांडून दाखवते, म्हणजे कळेल. समजा न्यायालयाने महिना २० हजारांची कमाई मान्य केली. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या माणसाची कमाई पुढे वाढली असती म्हणून तीत ४० टक्के मिळवतात. हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे. झाले २८ हजार महिना, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. ३६ ते ४० वयासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १५ आहे, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून येतो. गुणले तर ५० लाख ४० हजार. आता याच्या १२ टक्के धरले तर ६ लाख ४ हजार ८००. ३० टक्के धरले तर १५ लाख १२ हजार. पाय तोच, दाखला तोच. फरक साक्षीचा. माझ्या या आकड्यांना वचन समजू नका, न्यायालय कमाई कमीही धरू शकतं. पण पन्नास हजारांशी हे आकडे ताडून बघा.

कमाई कमी का धरतं? पुरावा नसतो म्हणून. मिस्त्री माणसाला पगाराची स्लिप कुठली? मग न्यायालय किमान वेतनाच्या आसपास अंदाज बांधतं. पण तुमच्याकडे वाटतं त्याहून जास्त असेल. मिस्टरांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का? ते कार्ड म्हणजे ते बांधकामावरच काम करतात याचा चांगला पुरावा. ठेकेदार हजेरीची वही ठेवत असेल, तिच्या पानांचे फोटो घ्या. फोन-पेवर मजुरी येत असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा, मागच्या दोन-तीन वर्षांचं. ज्यांची घरं त्यांनी बांधली त्यांच्यापैकी एखादा शहाणा माणूस ‘इतक्या रोजाने काम केलं’ म्हणून सांगायला येईल. पासबुक काढलंच आहे तर त्यात वर्षातून एकदा २० रुपये कापलेले दिसतात का बघा. तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा असतो. पाय पूर्ण निकामी झाला तरच तो लागू पडतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत आशा कमी आहे, पण बँकेत विचारून घ्या.

आणि एक वही घाला. ज्या दिवशी जे घडलं ते त्यात तारखेसह: आज फिजिओथेरपीला रिक्षाने गेलो, इतके रुपये. आज संडासला बसता आलं नाही, खुर्ची आणली. आज ठेकेदाराने दुसरा मिस्त्री घेतला. साक्षीला उभं राहायची वेळ येईल तेव्हा दीड-दोन वर्षं उलटलेली असतील आणि हे तुम्हाला आठवणार नाही. मेडिकलच्या पावत्यांची शाई उन्हात उडते, त्या कोऱ्या होतात. आजच त्यांच्या झेरॉक्स काढा.

सासूबाईंची भीती मला कळते. फौजदारी खटला आणि हा दावा वेगळे आहेत, हे त्यांना सांगा. ड्रायव्हरवरचा खटला सरकार चालवतं. भरपाईच्या दाव्यात तुम्हाला कुणाशी भांडायचं नसतं, कुणाला तुरुंगात धाडायचं नसतं. मिस्टरांना साक्षीला यावं लागेल, एखाद-दोन वेळा आणखी. बाकीच्या तारखा वकील बघतो. वेळ लागतो, हे मी नाकारत नाही. दोन वर्षांत आटोपलं तर लवकर झालं म्हणायचं. पण सहसा अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून रकमेवर व्याज लागतं, त्यामुळे उशिराचं थोडं तरी भरून निघतं.

मधे कधीतरी विमा कंपनी तडजोडीला तयार होईल आणि वकील लोकअदालतीबद्दल विचारतील. लोकअदालत वाईट नाही, पैसे लवकर हातात येतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं, इथे तो रस्ता बंद. म्हणून डॉक्टरांची साक्ष व्हायच्या आत, किंवा पाय पुढे कसा राहील हे कळायच्या आत तडजोड करू नका. समोर आलेला आकडा वरच्या हिशेबात घालून बघा आणि वकिलांना विचारा की यात कमाईचं नुकसान किती टक्के धरलंय. उत्तर देता आलं नाही तर घरी जाऊन विचार करतो म्हणा. त्या दिवशी सही केलीच पाहिजे असा कुठलाही नियम नाही.

पैसे येतील ते मिस्टरांच्या स्वतःच्या बँक खात्यात यायला हवेत. खातं चालू आहे का, आधार जोडलंय का, हे आत्ताच बघून घ्या. ‘आमच्या खात्यात घेतो आणि तुम्हाला देतो’ असं कुणीही म्हणालं, मग तो दलाल असो वा वकील, तर सरळ नाही म्हणा. मोठ्या रकमेचा काही भाग न्यायालय ठेवीत ठेवायला सांगतं. त्यावर कुरकुर करू नका, त्याचं व्याज घरात येत राहतं. रॉड काढायच्या ऑपरेशनसाठी मधे पैसे लागले तर अर्ज करून त्यातले काढता येतात.